प्रसूतीकक्षात वडिलांची जागा कोणती?

प्रसूतीकक्षात बाळाच्या वडिलांना प्रवेश द्यावा की नाही, या प्रश्नावरची चर्चा बहुतेक वेळा परवानगीपाशीच अडकते. एका बाजूचे लोक म्हणतात की आत गर्दी नको, जंतुसंसर्गाची भीती असते आणि घाबरलेल्या माणसाला सांभाळायला परिचारिकांकडे वेळ नसतो. दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात की मूल दोघांचे आहे, तेव्हा त्याच्या जन्माच्या वेळी हजर राहणे हा वडिलांचा हक्क आहे. मला हे दोन्ही युक्तिवाद अपुरे वाटतात. माझे म्हणणे असे आहे की कक्षात आपल्याजवळ कोणी थांबावे हे ठरवण्याचा अधिकार केवळ प्रसूत होणाऱ्या स्त्रीचा आहे. तिने बाळाच्या वडिलांना बोलावले तर त्यांना आत घेणे हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे. आणि आत आलेल्या माणसाला तेथे काय चालले आहे व त्याने काय करायचे आहे हे सांगणे हा त्याच कर्तव्याचा भाग आहे. यांतल्या तिसऱ्या गोष्टीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, आणि ती झाली नाही तर पहिल्या दोहोंतून फारसे काही साधत नाही, असे माझे मत एका बाळाचा बाप झाल्यानंतर पक्के झाले आहे.

पुरुष पूर्वीपासून बाहेरच थांबत आले आहेत, असे या विषयावर नेहमी सांगितले जाते. ते खरे आहे, पण त्यात अर्धीच हकीकत येते. बाळंतपणे घरी होत असत तेव्हा बहुतेक समाजांत पुरुष बाहेर असत, मात्र स्त्री आत एकटी नसे. सुईण असे, आई किंवा बहीण असे, स्वतः बाळंतपणातून गेलेली एखादी अनुभवी बाई असे. विसाव्या शतकात आधी युरोप-अमेरिकेत आणि पुढे जगभर बाळंतपण घरातून रुग्णालयात गेले, आणि त्यामागची कारणे भक्कम होती. अडलेले बाळंतपण, न थांबणारा रक्तस्राव आणि संसर्ग यांवर घरी इलाज नव्हता. रुग्णालयात शस्त्रक्रिया, रक्त आणि औषधे होती, आणि त्यांनी असंख्य जीव वाचवले. पण या स्थलांतरात पुरुषाबरोबर त्या साऱ्या स्त्रियाही दाराबाहेर राहिल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील फ्रायबुर्ग येथून मॉर्फीन आणि स्कोपोलामिन एकत्र देण्याची पद्धत पसरली. तिच्यात स्त्री अर्धवट शुद्धीत असे आणि नंतर तिला बाळंतपणातले फारसे काही आठवत नसे. ज्या व्यवस्थेला खुद्द बाळंतिणीचे भान आवश्यक वाटत नव्हते, तिला सोबतीची गरज का वाटावी? पुढे स्त्रियांनी जागेपणी बाळंत होण्याचा आग्रह धरला, १९५१ मध्ये फर्नांड लमाझ या फ्रेंच डॉक्टरांनी सोव्हिएत संघात पाहिलेली, औषधांशिवाय वेदना हलक्या करण्याची पद्धत पॅरिसमध्ये आणली, अमेरिकेत रॉबर्ट ब्रॅडली या डॉक्टरांनी नवऱ्यांनाच या कामासाठी शिकवायला सुरुवात केली, आणि त्यानंतरच्या दशकांत अनेक देशांतील प्रसूतीकक्षांचे दार पुरुषांसाठी उघडले. म्हणजे वडील आत आले ते एका रिकाम्या झालेल्या जागेवर आले. ही जागा मुळात सोबतीची आहे आणि तिला काम जोडलेले आहे. पाहुण्याची खुर्ची टाकून ती भरून निघत नाही.

संसर्गाच्या मुद्द्याबद्दलही येथेच एक गोष्ट सांगितली पाहिजे. व्हिएन्नाच्या रुग्णालयात १८४७ मध्ये इग्नाझ झेमेलवाइस या डॉक्टरांनी क्लोरीनच्या द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली तेव्हा बाळंतज्वराने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. त्या आधी हा ज्वर शवविच्छेदन करून आलेल्या डॉक्टरांच्या आणि विद्यार्थ्यांच्या हातांवरून स्त्रियांपर्यंत पोहोचत होता. यावर उपाय निघाला तो हात धुण्याचा. डॉक्टरांना कक्षाबाहेर काढावे असे कोणी सुचवले नाही. सोबत थांबणाऱ्या एका माणसाला हात धुवायला लावणे आणि स्वच्छ अंगरखा देणे, हे त्याहून अवघड नाही.

सोबतीचा उपयोग होतो का, याचे उत्तर आता पुरेशा अभ्यासातून मिळाले आहे. वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात १७ देशांतील १५ हजारांहून अधिक स्त्रियांवरील चाचण्या एकत्र तपासल्या आहेत. ज्या स्त्रियांना कळांच्या काळात सतत कोणाची तरी सोबत मिळाली त्यांची नैसर्गिक प्रसूती होण्याची शक्यता वाढली, प्रसूतीचा काळ काहीसा कमी झाला, वेदनाशामक औषधांची गरज घटली आणि बाळंतपणाविषयी कटू भावना घेऊन घरी जाणाऱ्या स्त्रियांचे प्रमाणही कमी राहिले. या आढाव्यातला एक बारकावा मात्र वडिलांच्या बाजूने बोलणारे लोक सहसा सांगत नाहीत. सिझेरियनचे प्रमाण सर्वांत जास्त घटले ते सोबत करणारी व्यक्ती खास त्याच कामासाठी आलेली होती तेव्हा. घरातल्या माणसाच्या सोबतीत तसा ठळक फरक दिसला नाही, स्त्रीचे समाधान मात्र वाढले. यावरून मी असा निष्कर्ष काढतो की माया पुरेशी आहे, पण माहिती पुरेशी नाही. ज्याला काय करायचे ते ठाऊक आहे त्याची सोबत शरीराच्याही उपयोगी पडते. बाप ही माहिती जन्मतः घेऊन येत नाही, आणि ती त्याला देण्याची पद्धत बहुतेक रुग्णालयांत नाही.

कळांचा काळ बाहेरच्या माणसाला कसा दिसतो, हे येथे तपशिलाने सांगणे मला गरजेचे वाटते. पहिल्या बाळंतपणात सुरुवातीचा टप्पा फार लांबू शकतो. कळा येतात, जातात, आणि तपासणीत गर्भाशयाचे मुख थोडेसेच उघडलेले असते. दर तासाला ते एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे, असा हिशेब अनेक वर्षे धरला जात असे. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की काही स्त्रियांच्या बाबतीत हा वेग अवास्तव आहे, आणि प्रसूतीचा सक्रिय टप्पा चारऐवजी पाच सेंटिमीटरपासून धरावा. पहिलटकरणीला त्यापुढेही बारा तासांपर्यंत वेळ लागू शकतो, आणि मुख पूर्ण उघडल्यावर बाळ बाहेर येण्यासाठी आणखी तीन तासांपर्यंत. ज्याला हे सांगितलेले नाही तो माणूस प्रत्येक तासाला काहीतरी बिघडले आहे असे समजतो. कळ आली की यंत्रावरचा बाळाच्या ठोक्यांचा आकडा खाली येऊ शकतो, कारण डोक्यावर दाब पडतो. मिनिटाला ११० ते १६० ही ठोक्यांची नेहमीची मर्यादा आहे, आणि डॉक्टर आकड्याबरोबरच तो किती वेळ खाली राहिला व कसा परत वर आला हे पाहत असतात. वडिलांना दिसतो तो फक्त उतरणारा आकडा. मग त्यांची नजर यंत्रावर खिळते, चेहऱ्यावर भीती उमटते आणि ती भीती पत्नीला दिसते.

आमच्या बाळाच्या वेळी एका परिचारिकेने मला अगदी थोडक्यात दोन गोष्टी सांगितल्या. कळ सुरू झाली की पत्नीच्या कंबरेखालच्या सपाट हाडावर तळहाताने घट्ट दाब द्यायचा आणि ती ओसरेपर्यंत हात काढायचा नाही. दोन कळांच्या मध्ये तिला बोलते करायचे नाही, फक्त पाणी पुढे धरायचे. हे सांगायला तिला पाच मिनिटेही लागली नसतील, पण त्यानंतरची सारी रात्र माझ्या हातांना काम होते आणि माझ्या पत्नीला कंबरेवर तो दाब हवा होता. दाब कमी झाला की ती लगेच सांगत असे. त्या परिचारिकेला असे सांगण्याचे कोणी बंधन घातलेले नव्हते. ती तिच्या मनाने चांगली होती म्हणून हे घडले. दुसऱ्या पाळीतली परिचारिका कामाच्या ओझ्याखाली असती तर घडले नसते. कोणाच्या चांगुलपणावर अवलंबून राहणारी गोष्ट नियमात आली पाहिजे, हा माझा आग्रह त्या रात्रीतून आला आहे.

पहाटे सिझेरियनचा निर्णय झाला. निर्णय योग्य होता, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पत्नीला शस्त्रक्रियागृहात नेले, मला बाहेरच्या बाकावर बसवले, आणि त्यानंतर बराच काळ कोणी काही सांगितले नाही. कागदांवर सही घेण्यासाठी मात्र कोणीतरी आले होते. खरे तर शुद्धीत असलेल्या सज्ञान स्त्रीची संमती तिचीच असते आणि तिच्याकडूनच घ्यायला हवी. तिच्या शरीरावरच्या उपचारांसाठी नवऱ्याची सही मागणे ही सवय तिलाही बाजूला सारते आणि त्यालाही खोट्या अधिकाराचे ओझे देते. मला त्या वेळी अधिकार नको होता. आत काय चालले आहे हे सांगणारे एक वाक्य हवे होते. रात्रभर जो माणूस कक्षात कामाचा होता तो दार बदलताच परका ठरला. सोबतीची कल्पना रुग्णालयाने मनापासून स्वीकारलेली नाही, ती फक्त सोयीपुरती चालवून घेतली आहे, हे मला त्या बाकावर कळले.

नैसर्गिक प्रसूतीतही वडिलांचे लक्ष नेमके चुकीच्या क्षणी सुटते, कारण त्यांना कोणी पुढचे सांगितलेले नसते. बाळ बाहेर आले की सगळे संपले, असे त्यांना वाटते. बाळ निळसर असते, त्याचे डोके लांबट झालेले असते, अंगावर पांढरा थर असतो. हे सारे बहुधा स्वाभाविक आहे हे माहीत नसले तर पहिलाच क्षण धसक्याचा होतो. नाळ लगेच न कापता निदान एक मिनिट थांबावे, बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवावे, पहिली अंघोळ चोवीस तास लांबवावी, अशा जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशी आहेत. व्हर्जिनिया अपगार या अमेरिकी डॉक्टरांनी १९५२ मध्ये मांडलेल्या पद्धतीने पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला बाळाच्या प्रकृतीला गुण दिले जातात, तेव्हा खोलीतले आकडे वडिलांच्या कानांवर येतात आणि ते कशाचे आहेत हे त्यांना कळत नाही. पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढे असते. वार, म्हणजे गर्भात बाळाला पोसणारा अवयव, अजून पडायची असते, आणि आईच्या दृष्टीने अतिरक्तस्रावाचा धोका त्याच वेळी सर्वांत मोठा असतो. वडील बाळाकडे वळलेले असताना डॉक्टर आणि परिचारिका आईकडे वळलेल्या असतात. त्यांच्या हालचाली अचानक वेगवान झाल्या तर त्या का झाल्या, हे आधीच ऐकलेला माणूस मध्ये येत नाही, प्रश्नांचा भडिमार करत नाही, पत्नीचा हात धरून उशाशी थांबतो.

वडिलांच्या उपस्थितीला सर्वांत गंभीर विरोध मिशेल ओदाँ या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञांनी केला. जन्म देणाऱ्या स्त्रीला शांतता आणि एकांत लागतो, भीतीचे रसायन जवळच्या माणसाकडून तिच्यापर्यंत पोहोचते आणि मग कळा मंदावतात, म्हणून पुरुषाने तेथे नसलेलेच बरे, असे त्यांचे म्हणणे होते. भीती संसर्गजन्य असते, हे निरीक्षण मला मान्य आहे. मी वर जे वर्णन केले त्याचा अर्थही तोच आहे. पण ती भीती अज्ञानातून येत असेल तर उपाय ज्ञानाचा हवा, आणि हा पुरुष आपल्याला शांत करतो की अस्वस्थ करतो हे त्याच्याबरोबर राहणाऱ्या स्त्रीपेक्षा डॉक्टरांना जास्त कळेल असे मानायला काही आधार नाही.

तिला विचारणे मात्र खरेखुरे असले पाहिजे. काही स्त्रियांना नवरा जवळ नको असतो: कोणाला संकोच वाटतो, कोणाला आई हवी असते, कोणाला त्या अवस्थेत कोणीच आपल्याकडे पाहू नये असे वाटते. आणि काही स्त्रियांच्या बाबतीत घरात ज्याची भीती वाटते तो माणूस हाच असतो. म्हणून हा प्रश्न गरोदरपणातील तपासणीच्या वेळी, ती एकटी असताना विचारला गेला पाहिजे, आणि ऐन वेळी तिने मत बदलले तर तेही चालले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रसूतीच्या नोंदीसाठी जो नवा तक्ता दिला त्यात सोबतीची वेगळी ओळ आहे, आणि तिच्यात तीन नोंदी शक्य आहेत: सोबत आहे, सोबत नाही, स्त्रीने सोबत नाकारली. ही तिसरी नोंद मला फार मोलाची वाटते. सोबत नाही आणि सोबत नको, यांत फरक करणारा कागद त्या स्त्रीला माणूस म्हणून विचारात घेतो.

दुसरी अडचण इतर स्त्रियांच्या खासगीपणाची आहे आणि ती मी हलकी मानत नाही. एकाच मोठ्या खोलीत खाटा शेजारी शेजारी असतील तर एकीच्या इच्छेने आलेला पुरुष दुसरीच्या संमतीशिवाय तिच्या बाळंतपणात हजर होतो. जेथे पडदे किंवा आडभिंती नाहीत, तेथे त्या होईपर्यंत सोबतीण आत आणि वडील बाहेर, हा तात्पुरता नियम मला न्याय्य वाटतो. पण तो तात्पुरता आहे हे लिहिलेले असावे, आणि आडभिंती कधी उभ्या राहणार याची तारीखही असावी. अनेक ठिकाणी खासगीपणाचे कारण पुढे करून वर्षानुवर्षे काहीच बांधले जात नाही, आणि मग वडिलांबरोबर सोबतिणीलाही आत घेतले जात नाही.

व्यवस्था अडचणीत आली की सोबत किती सहज काढून घेतली जाते, हे २०२० मध्ये जगाने पाहिले. करोनाच्या पहिल्या लाटेत अनेक देशांतील रुग्णालयांनी सोबत थांबणाऱ्यांना सरसकट बंदी केली. न्यूयॉर्कमधील काही मोठ्या रुग्णालयांनी असे केले तेव्हा मार्चअखेर राज्य सरकारला आदेश काढून एका व्यक्तीला परवानगी द्यायला लावावी लागली. संसर्ग असो वा नसो, प्रत्येक स्त्रीला प्रसूतीच्या वेळी तिच्या पसंतीची सोबत मिळाली पाहिजे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका त्या काळातही कायम होती. जी गोष्ट उपचाराचा भाग मानली जाते ती कोणी असे एका परिपत्रकाने बंद करत नाही. सोबत अजून उपचारात मोजली जात नाही, म्हणून ती बंद झाली.

जन्मानंतरच्या तासांत वडिलांची गरज कधी कधी अधिकच वाढते. सिझेरियननंतर आईवर टाके घातले जात असताना, किंवा तिची प्रकृती बिघडली असताना, बाळाला वडिलांच्या उघड्या छातीवर ठेवता येते. अंगाची ऊब देण्यासाठी आईच लागते असे नाही. कोलंबियातील बोगोता येथे १९७८ च्या सुमारास उबदार पेट्या अपुऱ्या पडत होत्या, तेव्हा एदगार रेय या डॉक्टरांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आईच्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत झालेल्या चाचणीत, कमी वजनाच्या बाळांची प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच हा स्पर्श सुरू केला तेव्हा पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू सुमारे पाव हिश्शाने कमी झाले. त्यासाठी आई किंवा तिच्या जागी दुसरी व्यक्ती सतत बाळाजवळ असावी लागते. अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर ठराविक वेळेत उभा केलेला बाप ही दुसरी व्यक्ती होऊ शकत नाही. तो आत हवा.

आणि वडिलांच्या मनाचे काय, हा प्रश्न मी शेवटी घेतो, कारण बाळंतपणाचा त्रास आईचा आहे आणि त्याची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. २०१० मध्ये अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणानुसार गरोदरपणाच्या सुरुवातीपासून बाळ एक वर्षाचे होईपर्यंतच्या काळात सुमारे दहा टक्के वडिलांमध्ये नैराश्य आढळते, आणि आई खिन्न असेल तर वडीलही खिन्न असण्याची शक्यता वाढते. पत्नीचा जीव धोक्यात आलेला ज्याने पाहिला त्याच्याशी नंतर कोणी बोलत नाही. आई-बाळाच्या पुढच्या तपासणीला तो सोबत येतोच. तेव्हा त्याला एक साधा प्रश्न विचारण्यासाठी वेगळा विभाग उघडावा लागणार नाही.

हे सगळे करणार कोण, असे परिचारिका विचारतील, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. एकाच पाळीत अनेक बाळंतपणे सांभाळणाऱ्या बाईकडून मी आणखी पाच मिनिटे मागू शकत नाही. म्हणून ही मागणी कक्षातल्या माणसांकडे नाही. ती मनुष्यबळ मंजूर करणाऱ्यांकडे आणि इमारतींचे नकाशे पास करणाऱ्यांकडे आहे. गरोदरपणातील तपासण्यांमध्ये सोबत करणाऱ्यासाठी एक बैठक ठेवावी, तिच्यात कळांचे टप्पे, दाब कोठे द्यायचा, वार पडेपर्यंत काय होते आणि शस्त्रक्रिया ठरली तर पुढे काय होते हे सांगावे. शस्त्रक्रियागृहाबाहेर थांबलेल्या माणसाला ठराविक वेळाने बातमी देणे हे पाळीतल्या कोणा एका व्यक्तीचे नेमलेले काम असावे. आणि प्रत्येक रुग्णालयाने आपल्याकडे एका पाळीत किती बाळंतपणे होतात, किती परिचारिका असतात आणि किती स्त्रियांना त्यांच्या पसंतीची सोबत मिळाली, हे आकडे दरवर्षी जाहीर करावेत, म्हणजे सोबत कोठे मिळत नाही आणि का मिळत नाही, याचा जाब योग्य माणसांना विचारता येईल.